गच्चीवरच्या बागेसाठी अ‍ॅप निवडताना: जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

जुळे सोलापुरातलं दुमजली घर. पहिल्या मजल्यावर पश्चिमेकडे तोंड असलेली गच्ची, तिथे ३८ कुंड्या आणि घरात आणखी सहा. बागेचं काम सून बघते. झाडांची माहिती सासूबाईंना जास्त, पण गुडघ्यांमुळे त्यांना रोज जिना चढणं जमत नाही. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसांत बोअरचं पाणी वापरलं जातं. मार्चमध्ये एका नातेवाइकाने झाड ओळखणारं आणि निगा सांगणारं एक सशुल्क अ‍ॅप सुचवलं. सात दिवस मोफत, मग वर्षाचं शुल्क आपोआप खात्यातून कापलं जाणार. त्या सात दिवसांत अ‍ॅपने बऱ्याच झाडांची नावं बरोबर सांगितली, म्हणून वर्गणी चालू राहिली आणि पाणी, खत, रोग हे सगळंच त्याच्या सल्ल्याने सुरू झालं.

एप्रिलअखेर मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, लिंबाची नवी पानं पिवळी पडली, कढीपत्त्याच्या टोकांना करपा दिसू लागला. त्यातच शेजारून गुळवेलीचं म्हणून एक कांड आलं. अ‍ॅपने पानावरून ते गुळवेलच असल्याचं सांगितलं, तेव्हा मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी काढा करायचा विचार घरात सुरू झाला. घरच्यांनी विचारलेला प्रश्न असा होता: हे अ‍ॅप चुकीचं निवडलं का, आणि दुसरं कोणतं घ्यावं?

खरी अडचण कोणतं अ‍ॅप याच्या आधीची आहे. या घरात एकाच अ‍ॅपला चार वेगवेगळी कामं सांगितली जात होती: अनोळखी झाडाचं नाव, पाण्याचं वेळापत्रक, रोगाचं निदान आणि एखादी वनस्पती पोटात घेण्याजोगी आहे का याचा निर्णय. पहिलं काम फोटोवरून चांगलं जमतं. दुसरं फोटोवरून होतच नाही. तिसरं काही पिकांपुरतं जमतं. चौथं कुठल्याही अ‍ॅपवर सोडू नये. पहिल्या कामात अ‍ॅप खरं ठरलं की उरलेल्या तिन्हींवरही विश्वास बसतो, आणि नेमकं इथेच नुकसान होतं.

ओळखीची चाचणी

अ‍ॅप पारखायचं तर अनोळखी झाडावर पारखून उपयोग नाही, कारण उत्तर बरोबर आलं की चूक हे कळायला मार्ग नसतो. ज्यांची नावं घरात पक्की माहीत आहेत अशीच झाडं घ्यायची. इथे सासूबाईंनी बारा नावं काढून दिली: तुळस, जास्वंद, मोगरा, सदाफुली, कढीपत्ता, कागदी लिंबू, गोकर्ण, अडेनियम, मनी प्लँट, डाळिंब, पारिजात आणि अडुळसा. प्रत्येक झाड दोनदा तपासायचं, एकदा फुलासकट आणि एकदा नुसत्या पानांवर. फुलासकट बहुतेक अ‍ॅप पास होतात, खरा फरक नुसत्या पानावर कळतो. वर्षातले बरेच महिने कुंडीत पानंच असतात, त्यामुळे ती परीक्षा महत्त्वाची.

सशुल्क अ‍ॅपच्या जोडीला तीन मोफत पर्याय ठेवले. प्लँटनेट हा फ्रान्समधल्या संशोधन संस्थांचा २००९ साली सुरू झालेला प्रकल्प, त्याचं मोबाइल अ‍ॅप २०१३ मध्ये आलं. एकाच झाडाचे पान, फूल, फळ, खोड असे वेगवेगळे फोटो एकत्र देता येतात आणि प्रत्येक संभाव्य नावापुढे टक्केवारी दिसते. सीक हे आयनॅचरलिस्टवाल्यांचं, म्हणजे लोकांनी टाकलेल्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाचं, अ‍ॅप. त्याला खातं उघडावं लागत नाही आणि ओळख फोनवरच होत असल्याने इंटरनेट नसतानाही ते चालतं. खात्री नसेल तर ते कुळ किंवा गणापर्यंत (जवळच्या जातींच्या गटापर्यंत) येऊन थांबतं, पुढचं नाव ठोकून देत नाही. हा गुण मोलाचा आहे. तिसरं गूगल लेन्स. ते वेबवरची मिळतीजुळती चित्रं शोधतं, म्हणून नर्सरीत विकल्या जाणाऱ्या संकरित शोभेच्या झाडांना बरं पडतं. पण त्यात दुकानांची पानंच जास्त येतात आणि विक्रेत्याने लिहिलेलं चुकीचं नाव जसंच्या तसं समोर येतं.

चाचणीचे पहिले फोटो दुपारी दोन वाजता काढले होते, ते सगळे बाद केले. सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात पानाचा वरचा भाग पांढरा चमकतो, शिरा दिसत नाहीत आणि मागच्या चार कुंड्या चौकटीत येतात. सकाळी साडेआठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर, पानाच्या मागे साधा कागद किंवा तळहात धरून फोटो काढायचा. क्रम असा ठेवावा: आधी अख्खं झाड, मग फांदीवर पानं कशी लागली आहेत ते (समोरासमोर की एकाआड एक), मग पानाची वरची बाजू, खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ असल्यास फळ, आणि जून झाड असेल तर खोड. फोकससाठी पडद्यावर नेमक्या पानावर बोट टेकवायचं. पाच फोटोंना तीन मिनिटं लागतात, पण एका फोटोवर मिळालेल्या उत्तरापेक्षा ते उत्तर कितीतरी भरवशाचं असतं.

कढीपत्त्याचा प्रकार इथे सविस्तर सांगायला हवा, कारण ही चूक घरोघरी होते. सुनेने आपल्या दृष्टीने एका पानाचा फोटो काढला होता. ते पान नव्हतं, पर्णिका होती. कढीपत्त्याचं पान संयुक्त असतं: मधला देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेल्या पर्णिका मिळून एक पान. सुट्या पर्णिकेवर अ‍ॅपला भलतीच नावं सुचतात. अख्खी काडी, खोडाला जिथे चिकटते तिथपासून टोकापर्यंत, एका चौकटीत घेतली की नाव लगेच बरोबर येतं. कडुनिंब, शेवगा, गुलमोहर, चिंच यांनाही हेच लागू.

मनी प्लँटच्या बाबतीत अ‍ॅपची उत्तरं दोन नावांमध्ये हेलकावत राहिली, एकदा मनी प्लँट तर एकदा फिलोडेंड्रॉन. कोवळेपणी दोन्हींची पानं बदामी आणि सारखीच दिसतात. याचा निकाल डोळ्यांनी लागतो. नवं पान येताना फिलोडेंड्रॉनमध्ये ते पातळ आवरणातून बाहेर पडतं, आणि ते आवरण नंतर वाळून तपकिरी होऊन गळतं. मनी प्लँटमध्ये असं आवरण नसतं, नवं पान आधीच्या पानाच्या देठातून गुंडाळी सोडत उलगडतं, आणि देठाला वरच्या बाजूने खोबण असते. हा फरक अ‍ॅपला दाखवायचा असेल तर नव्या पानाच्या बेचक्याचा जवळून फोटो द्यावा लागतो.

गुण देताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. शास्त्रीय नावं बदलत असतात. तुळशीला एक अ‍ॅप ओसिमम सँक्टम म्हणेल, दुसरं ओसिमम टेन्युइफ्लोरम, दोन्ही बरोबर. स्नेक प्लँटचं जुनं नाव सॅन्सेव्हिएरिया, आता ते ड्रॅसिना गणात मोडतं. अशा ठिकाणी चूक धरायची नाही. दुसरं, टक्केवारीचा अर्थ. पहिल्या नावापुढे ८५ आणि दुसऱ्यापुढे ४ असेल तर उत्तर पुढे तपासण्यालायक आहे. पहिल्यापुढे ३४ आणि दुसऱ्यापुढे २९ असेल तर अ‍ॅपने उत्तर दिलेलंच नाही असं समजून नवे फोटो द्यावेत. जी अ‍ॅप टक्केवारी न दाखवता थेट एकच नाव मोठ्या अक्षरांत देतात, त्यांच्यावर त्याच कारणाने भरवसा कमी ठेवावा. शंका आणि खात्री तिथे एकाच चेहऱ्याने समोर येतात.

आयनॅचरलिस्टवर फोटो टाकला तर माणसं नाव तपासून देतात, तो मोठा फायदा. मात्र तो उपक्रम मुळात रानातल्या नोंदींसाठी आहे. कुंडीतलं झाड लागवडीचं म्हणून नोंदवावं लागतं आणि अशा नोंदींकडे जाणकारांचं लक्ष कमी जातं. नान्नजच्या माळावर दिसलेल्या गवतासाठी ते उत्तम, गच्चीवरच्या अडेनियमसाठी वाट बघत बसावं लागेल. घरून नोंद टाकायची झाल्यास ठिकाण अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे घराचा नेमका पत्ता नकाशावर उघडा पडत नाही.

बाराही झाडं तपासल्यावर चित्र असं होतं: फुलासकट सगळी अ‍ॅप जवळपास सारखी, नुसत्या पानांवर पाच फोटो दिलेलं प्लँटनेट सशुल्क अ‍ॅपच्या मागे नव्हतं. मोगऱ्याच्या साध्या, बटमोगरा अशा प्रकारांत कुणालाच फरक करता आला नाही, तशी अपेक्षाही नव्हती. म्हणजे निव्वळ ओळखीसाठी या घराला वर्षाचे पैसे भरण्याचं कारण उरलं नाही.

पाण्याची आठवण

मोगरा का बिघडला ते आता बघू. अ‍ॅपने मोगऱ्याला दर सात दिवसांनी पाणी सांगितलं होतं. सासूबाई पहिल्या आठवड्यापासून म्हणत होत्या, "अगं, दिवस कसले मोजायलीस? कुंडी जरा कलती करून बघ, हलकी लागली की घाल." सुनेचं म्हणणं, "आई, जास्त पाण्यानं मुळं कुजतात असं त्यात लिहिलंय." दोघींचंही आपापल्या जागी खरं होतं. अ‍ॅपमधला आकडा थंड हवेतल्या, घरात खिडकीजवळ ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीला धरून होता. सोलापुरात पाऊस कमी, मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, हवा कोरडी आणि वारा पश्चिमेकडून थेट गच्चीवर. मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते. खालची फरशी संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असते, त्यामुळे मुळं खालून भाजतात. या पाचही गोष्टी अ‍ॅपने विचारल्याच नव्हत्या. काही अ‍ॅप कुंडीचं माप, खिडकीपासूनचं अंतर आणि गावाचं हवामान विचारतात, ती त्यातल्या त्यात बरी. पण फरशीचं तापमान आणि बोअरचं पाणी त्यांच्याही हिशेबात नसतं.

दिवसांचं वेळापत्रक काढून टाकून तपासणीचं वेळापत्रक लावलं. फोनच्या साध्या कॅलेंडरमध्ये रोज सकाळी सातची एकच आठवण, "बोट घालून बघणे". मातीत दोन पेरं बोट घालायचं. दुसऱ्या पेरापाशी ओल लागली तर पाणी नाही. कोरडं लागलं तर खालच्या छिद्रातून पाणी बाहेर पडेपर्यंत घालायचं, वरवर शिंपडायचं नाही. मे महिन्यात बारा इंची मातीच्या कुंडीतल्या मोगऱ्याला रोज दीड ते दोन लिटर लागतं. त्याच वेळी घरातल्या स्नेक प्लँटला दहा-बारा दिवस पाण्याची गरज पडत नाही. पावसाळ्यात हेच उलटं होतं: अ‍ॅपची आठवण वाजत राहते, आणि अडेनियमची गड्डी तळाशी मऊ पडते. अडेनियमच्या कुंड्या जूनपासून पत्र्याच्या आडोशाला सरकवाव्यात.

पाणी कमी लागावं यासाठी तीन गोष्टी केल्या, त्यांचा गुण कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त आला. पश्चिमेच्या बाजूला ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट, मार्चच्या मध्यापासून पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत. कुंड्या फरशीवरून उचलून दोन-दोन विटांवर. आणि मातीवर दोन इंच उसाच्या पाचटाचं आच्छादन, बुंध्यापासून दोन बोटं जागा सोडून. पाचट आपल्या जिल्ह्यात कुठेही मिळतं, फक्त बारीक तोडून घालावं, नाहीतर वाऱ्याने उडतं.

पिवळं पान

रोगनिदानात अ‍ॅप सर्वांत जास्त चुकलं, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. सुनेने लिंबाच्या पिवळ्या पानाचा फोटो दिला. अ‍ॅपने सांगितलं, पाणी जास्त होतंय किंवा खत कमी पडतंय. म्हणून पाणी कमी केलं आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत दर आठवड्याला सुरू केलं. पंधरा दिवसांत कढीपत्त्यासकट अनेक झाडांच्या पानांची टोकं जळली.

एका पानाच्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही: ते पान फांदीवर कुठे होतं. आणि निदान तर त्याच्यावरच ठरतं. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता किंवा मुळाशी साचलेलं पाणी. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. या लिंबाची शेंड्याची पानं पिवळी होती आणि शिरा हिरव्यागार, जाळी छापल्यागत. कुंडीच्या बाहेरून पांढरी खरखरीत पुटं आलेली. ही पुटं क्षारांची. बोअरचं जड पाणी महिनोन्‌महिने घातलं की मातीचा सामू (पीएच) चढतो आणि मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. त्यात आपली काळी माती मुळात चुनखडीची. मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाकले तर फेस आला. चुना असल्याची ही घरगुती खूण. अशा कुंडीत आणखी खत म्हणजे आणखी क्षार, म्हणून टोकं जळली.

उपाय असे केले. खत बंद. महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी लिंबू, अनंत, मोगरा यांच्या कुंड्यांमधून कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून क्षार धुऊन काढले, हे महिन्यातून एकदा. बोअरचं पाणी सदाफुली, बोगनवेल, कण्हेर यांच्याकडे वळवलं, ती सहन करतात. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची), म्हणजे ईडीटीए प्रकारची, लिटरला अर्धा ग्रॅम फवारणी संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. मातीतून द्यायचं असेल तर चुनखडीच्या मातीत ईडीटीए टिकत नाही, तिथे ईडीडीएचए प्रकार पाकिटावरच्या मात्रेने घ्यावा. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नये. नवी फूट कशी येते ते बघायचं. जूनमध्ये गच्चीवरून येणारं पावसाचं पाणी पिंपात साठवलं तर लिंबासाठी त्याहून चांगलं काही नाही, फक्त पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी सोडून द्यावं.

जास्वंदीच्या पानांवर बारीक पांढुरके ठिपके होते. ते अ‍ॅपने उन्हाचा चटका म्हणून सांगितले होते. पानाखाली पांढरा कागद धरून फांदीवर टिचकी मारली तर कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालू लागले. लाल कोळी. उन्हाळ्यात कोरड्या गच्चीवर हा असतोच. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवसांआड, आठवडाभर. नाही हटला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण ३२-३३ अंशांच्या वर तापमान असताना मारू नये, आणि कडुनिंबाचं तेल व गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. दोन्ही पाठोपाठ पडले तर पानं भाजतात. तेलाची मात्रा लिटरला ५ मिली, त्यात दोन मिली द्रव साबण आधी तेलात फेटून मग पाणी. सूर्य मावळताना, आणि आधी एका फांदीवर मारून दोन दिवस वाट बघून.

रोगांसाठी अ‍ॅप हवंच असेल तर ते पिकांचं असावं. प्लँटिक्स मराठीत आहे, मोफत आहे आणि भारतातल्या पिकांचे भरपूर फोटो त्याच्याकडे आहेत. गच्चीवरच्या कुंडीतलं डाळिंब, लिंबू, मिरची, टोमॅटो, वांगी यांच्यासाठी ते उपयोगी पडतं. लिंबावरचा खैऱ्या आणि नागअळी यांतला फरक ते नीट दाखवतं. मोगरा, अडेनियम, पाम यांच्यासाठी त्याच्याकडे जाऊ नये. त्यात सुचवलेली रासायनिक औषधं शेताच्या हिशेबाने असतात. रोज फोडणीत पडणाऱ्या कढीपत्त्यावर आणि तोंडात टाकल्या जाणाऱ्या तुळशीवर ती मारू नयेत. डाळिंबावर तेलकट काळे डाग दिसले आणि तेल्या या जिवाणूजन्य रोगाची शंका आली तर फोटोवर थांबू नका. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या गावातच आहे, डाग पडलेली फांदी आणि फळ घेऊन तिथे विचारता येतं. इतर पिकांसाठी मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र.

गुळवेल

या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग हाच. अ‍ॅपने पानाच्या फोटोवर गुळवेल सांगितली, टक्केवारीही भक्कम होती. पण गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि तिच्याच गणातली टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी वेल पानाने अगदी तिच्यासारखी दिसते. गुळवेलीच्या सेवनावरून वाद झाल्यावर आयुष मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये खुलासा काढला. गुळवेल सुरक्षित आहे, पण सारख्या दिसणाऱ्या क्रिस्पासारख्या वेली अपायकारक ठरू शकतात, म्हणून ओळख पटवूनच वापरावी, असा त्याचा आशय होता. त्यात दिलेले फरक पानाचे कमी आणि खोड, फूल, फळाचे जास्त आहेत. गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर गाठीगाठींचे उंचवटे नाहीत, कापल्यावर दुधासारखा स्राव नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळ गोल आणि लाल. क्रिस्पाचं खोड करडं, गाठाळ, कापल्यावर दुधाळ स्राव, पाकळ्या तीन, फळ लांबट आणि नारिंगी.

या घरातलं कांड जून होतं, साल करडी पडलेली, त्यावर बारीक उंचवटे. जून गुळवेलीच्या सालीवरही श्वसनरंध्रांचे छोटे फोड असतात, म्हणून एवढ्यावरून ती क्रिस्पाच आहे असंही म्हणता येत नव्हतं. फूल नव्हतं, फळ नव्हतं. अशा वेळी योग्य उत्तर एकच: नाव ठरलेलं नाही, काढा करायचा नाही. शिवाय ओळख पक्की असती तरी मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने गुळवेल डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, तिच्यामुळे साखर आणखी खाली जाऊ शकते. घरच्यांनी ऐकलं. वेल कुंपणाला लावली, कुंडीवर "ओळख बाकी" अशी पाटी लावली. फूल-फळ आल्यावर खोडासकट नमुना एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवायचं ठरलं.

पिवळी कण्हेर, अडेनियम, डिफेनबेकिया ही झाडं घरात लहान मूल असेल तर वेगळी काढून ठेवावीत. कुणी चावलंच तर अ‍ॅप उघडत बसू नये. फांदी पिशवीत घालून मुलासोबत थेट रुग्णालयात न्यावी, तिथे नावापेक्षा फांदी जास्त कामाला येते.

वर्गणी आणि शेवटची मांडणी

फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे या घरात माहीत नव्हतं. प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टिचकी, मग पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स, त्यात सबस्क्रिप्शन्स, अ‍ॅपचं नाव, रद्द करा. पैसे यूपीआयवरून जात असतील तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतही ते नाव बघून बंद करावं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नये. मोफत दिवस सुरू करताना त्याच क्षणी कॅलेंडरमध्ये मुदतीच्या दोन दिवस आधीची आठवण लावावी. बऱ्याच अ‍ॅपमध्ये उघडल्या उघडल्या पैशांचा पडदा येतो आणि तो बंद करायची फुली कोपऱ्यात फिकट रंगात असते. ती शोधली तर मोफत भाग वापरता येतो. एकाच नावाशी मिळतीजुळती नकली अ‍ॅपही असतात, तेव्हा डाउनलोड करण्याआधी खाली बनवणाऱ्याचं नाव वाचावं.

या घरात आता फोनवर तीन अ‍ॅप आहेत: ओळखीसाठी प्लँटनेट, बाहेर फिरताना सीक, आणि लिंबू-डाळिंब-मिरचीच्या रोगांसाठी प्लँटिक्स. प्लँटनेटमध्ये प्रदेशाची यादी निवडता येते, पण कुंडीतली निम्मी झाडं परदेशी असल्याने जगभराची यादी ठेवली आहे. प्रत्येक कुंडीला जस्ताच्या पत्र्याची क्रमांकाची पट्टी, कारण मार्करने प्लॅस्टिकवर लिहिलेलं इथल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतं. एका वहीत क्रमांकाप्रमाणे पान: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुठून आणलं, माती कधी बदलली, कोणतं पाणी चालतं. सासूबाई खाली बसून वही सांभाळतात, सून वरून क्रमांक आणि ओल सांगते. सशुल्क अ‍ॅपमध्ये भरलेली सगळी नोंद मात्र बाहेर काढता आली नाही, त्यामुळे नवं काही घेण्याआधी आपल्या नोंदी फाइल म्हणून उतरवता येतात का, हे बघून घ्यावं.

पैसे देऊन अ‍ॅप घेण्याची वेळ कधी येऊ शकते? गच्चीवरची सोडून घराच्या आतली झाडं सहावरून वाढून वीस-पंचवीस झाली, त्यांची पाण्याची गरज एकमेकांपासून फार वेगळी असली आणि बघणारी माणसं दोन-तीन असली, तर कुणी कधी काय केलं हे एकत्र दिसणारं निगेचं अ‍ॅप कामाला येईल. तेही महिन्याच्या वर्गणीवर घ्यावं, वर्षाच्या नव्हे, आणि एप्रिल-मेमध्ये घ्यावं. सोलापुरात जे वेळापत्रक मे महिन्यात टिकतं, ते बाकीच्या वर्षात सांभाळून घेता येतं. डिसेंबरमध्ये सगळीच अ‍ॅप बरोबर वाटतात.